अश्रुधुराचा डोळा

वर्षातून एकदा मी डोळे तपासून घेते. दर वेळी समोर नवा डॉक्टर असतो, वयानं माझ्या नातवासारखा, आणि दर वेळी तो तोच प्रश्न विचारतो, "आजी, घरात कुणाला काचबिंदू होता का?" मी सांगते, "आईला. दोन्ही डोळ्यांना." गेल्या खेपेला माझी मामेबहीण सोबत होती. ती तिथल्या तिथे फणकारली. "काहीतरीच काय सांगतेस? आत्याचा डोळा संयुक्त महाराष्ट्रात गेला. गॅसनं!" डॉक्टरनं आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्या बिचाऱ्याला संयुक्त महाराष्ट्र म्हणजे एखादा कारखाना वाटला असावा. मी म्हटलं, "मी सांगते ते लिहा." परतताना टॅक्सीत आम्ही दोघी म्हाताऱ्या एकमेकींशी चकार शब्द बोललो नाही.

तिचा तरी काय दोष? आमच्या गोतावळ्यात आजही सगळे हेच मानतात. खुद्द आईनं शेवटपर्यंत दुसरं काही मानलं नाही. खरं काय ते माहीत असलेली मी एकटी उरले आहे आणि माझं कुणी ऐकत नाही. तेव्हाही ऐकलं नव्हतं.

आम्ही ठाकूरद्वारला एका वाडीत राहत होतो, दुसऱ्या मजल्यावर. अण्णा, म्हणजे माझे वडील, कापडाच्या एका पेढीवर कारकून होते. मी नुकतीच टायपिंग शिकून फोर्टातल्या एका कचेरीत लागले होते. आई घरी बसून एका शिंप्याची काजं-बटणं करायची. सकाळची कामं आटोपली की ती गॅलरीत उजेडाला बसायची, मांडीवर शर्टांचा ढीग आणि दातांत दोरा. तिचं काज इतकं रेखीव असायचं की शिंपी गिऱ्हाइकाला शर्ट दाखवताना आधी काज दाखवायचा. आयुष्यात एवढ्या एका गोष्टीचं तिला कौतुक मिळालं होतं, तेही शिंप्याच्या तोंडून आणि तेही तिच्या माघारी. एरवी तिला तिच्या नावानं ओळखणारं कुणी नव्हतं. अमक्यांची बायको, तमकीची आई, दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी, झालं.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास ती एक विचित्र तक्रार करायला लागली. संध्याकाळी गॅलरीतला दिवा लागला की म्हणायची, "दिव्याला खळं पडलंय बघा." चंद्राभोवती पडतं तसं खळं, पण रंगीत, लाल-निळं. थोडा वेळ भुवईवर ठणकायचं, एक झोप काढली की सगळं जायचं. अण्णांना विनोदाची भारी हौस. ते म्हणायचे, "चंद्राला खळं पडलं की पाऊस येतो. आता गॅलरीत पाऊस पडणार, दोरीवरचे कपडे काढा!" आम्ही हसायचो, तीही हसायची. डोळ्यांचा डॉक्टर म्हणजे चाळिशीचा चष्मा देणारा माणूस, एवढीच आमच्या घराची त्या विद्येशी ओळख होती. आणि सुईत दोरा तर आई एका फटक्यात ओवत होती. मग तिच्या डोळ्यांना काय धाड भरली होती?

समोरच्या खोलीत एक मास्तर राहायचे. शाळेत गणित शिकवायचे आणि शाळा सुटली की संयुक्त महाराष्ट्र शिकवायचे. वाडीतल्या सभा, प्रभातफेऱ्या, भिंतीवरचे फलक, सगळं त्यांच्या अंगावर. माणूस सज्जन होता. खोटं बोलायची वेळ आली तर त्यांच्या कानाच्या पाळ्या लालभडक व्हायच्या, हे वाडीतल्या पोरासोरांनाही माहीत होतं. त्या थंडीत गिरगाव पेटलं तेव्हा आमच्या वाडीत जो तो मास्तरांना विचारून पाणी पीत होता.

एका दुपारी नाक्यावर लोक आणि पोलीस समोरासमोर आले. दगड गेले, लाठ्या आल्या, आणि मग अश्रुधुराची नळकांडी यायला लागली. त्यातलं एक घरंगळत आमच्या वाडीच्या तोंडाशी आलं. आत पळालेली दहा-वीस मंडळी तिथेच कोंडली गेली, पुढे पोलीस आणि मागे भिंत. सगळे खोकत होते, कुणाला डोळा उघडता येईना. आई गॅलरीतून हे बघत होती. काय झालं तिला कोण जाणे, मोरीतलं गोणपाट तिनं बादलीत बुचकळलं, पाणी गळत असलेलं ते ओझं छातीशी धरून ती जिना उतरली आणि त्या फुसफुसणाऱ्या नळकांड्यावर टाकून वर पाय देऊन उभी राहिली. मी वरून बघत होते. ही माझी आई! उंदीर दिसला तर पाटावर चढून अण्णांना हाका मारणारी.

संध्याकाळी वाडीत सगळ्यांचे डोळे टोमॅटो झाले होते. जो तो कांदा हुंगत होता, ओली फडकी डोळ्यांवर ठेवत होता, आणि रडत रडत हसत होता. मग संचारबंदी लागली. उजेड दिसला तर उगाच संकट ओढवेल म्हणून वाडीनं दिवे मालवले. दोन रात्री आम्ही अंधारात काढल्या. परळच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी पुढे सांगितलं की अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते आणि आईसारख्या डोळ्यांना नेमकं तेच मारक असतं. तेव्हा हे कुणाला ठाऊक?

दुसऱ्या रात्री तिचा उजवा डोळा उठला. अर्धं डोकं फुटतंय म्हणाली. कपाळ भिंतीवर आपटायला लागली. उलट्या सुरू झाल्या, आधी जेवणाच्या, मग नुसत्या पित्ताच्या. डोळा लाल, पापणी सुजलेली, पाण्याची धार लागलेली. शेजारणी जमल्या. सगळ्यांचं एकमत झालं की गॅस तिला जास्त बाधला, कारण ती अगदी नळकांड्यावरच उभी होती. ह्यात अविश्वास ठेवण्यासारखं काय होतं? घरोघरी एक तरी लाल डोळा होता. त्या सगळ्या लाल डोळ्यांत एक डोळा वेगळ्या कारणानं लाल झालाय हे कळायला माणूस ज्योतिषीच हवा होता. गुलाबपाणी झालं, दुधाच्या घड्या झाल्या, कपाळाला सुंठेचा लेप झाला. डॉक्टर आणायला मी वाडीच्या तोंडापर्यंत गेले तर शिपायानं काठीनं आत जायची खूण केली. बाकीच्यांचे डोळे निवळले. आईचा निवळला नाही.

संचारबंदी उठेपर्यंत तिचं दुखणं पुष्कळ कमी झालं होतं. आम्हाला हायसं वाटलं. अण्णांनी देवापुढे नारळ फोडला. दुखणं गेलं, आणि त्याच्याबरोबर डोळ्याचं दिसणंही गेलं, हे तिलाच आधी कळलं. काज करताना शर्ट उजवीकडे कलला की तो तिला दिसेना. तिनं डाव्या डोळ्यावर पदर धरून पाहिला आणि म्हणाली, "अहो, दिवस आहे की रात्र तेवढं कळतंय." अण्णा उठले. ते समोर जाऊन मास्तरांजवळ बसून राहिले.

पुढच्याच सभेत वाडीच्या चौकात आईचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, झेंडूचा हार. मास्तरांनी तिचं नाव घेतलं, तिचं स्वतःचं नाव, ध्वनिक्षेपकावरून, साऱ्या ठाकूरद्वारला ऐकू जाईल असं. "ह्या माउलीनं महाराष्ट्रासाठी डोळा दिला," ते म्हणाले. टाळ्या थांबेनात. आईच्या उजव्या डोळ्यावर पांढऱ्या कापडाची घडी बांधलेली होती आणि डाव्यातून पाणी वाहत होतं. तिला इतकी सुंदर मी ना आधी पाहिली, ना नंतर. मीही टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला सांगू, माझी छाती फुगली होती.

पण डोळा पुन्हा पुन्हा ठणकायचा. शेवटी मी कचेरीतून रजा काढली आणि तिला ट्रामनं परळच्या मोठ्या इस्पितळात नेलं. डोळ्यांच्या विभागात बाहेर लांब बाकडी होती. एका बाकड्यावर काचबिंदूवाले वेगळे बसवलेले असत. नर्सनं डोळा बघून आम्हाला तिथे बसवलं तेव्हा आई मला म्हणाली, "अगं, त्यांना सांग आपलं गॅसचं आहे म्हणून." मी म्हटलं, "आधी बघू तर देत."

आमच्या शेजारी एक बाई बसल्या होत्या, मांडीवर तान्हं मूल. मुलाचे डोळे इतके मोठे, इतके टपोरे की आई बघतच राहिली. बाई कोरड्या आवाजात म्हणाल्या, "सगळे असंच बघायचे हो. मोठे डोळे, मोठे डोळे म्हणून मी रोज दृष्ट काढायची. उजेड दिसला की पोर तोंड लपवायचं, मला वाटायचं लाजतंय." डोळ्यांत पाणी तुंबून बुबुळं मोठी झाली होती, जन्मापासूनच. आईनं पटकन नजर दुसरीकडे वळवली.

दुसऱ्या बाजूला नायगावच्या बीडीडी चाळीतला एक गिरणी कामगार होता, साचेखात्यातला, म्हणजे मागावरचा. वॉर्डबॉयला त्यानं "जय भीम" केला तेव्हा वॉर्डबॉय उलट्या बाजूला उभा होता. त्याच्या मुलीनं त्याचा खांदा धरून त्याला त्या दिशेला वळवलं. मग तो आमच्याशी बोलायला लागला. त्याला कधी काही दुखलंच नव्हतं. डोळा लाल नाही, पाणी नाही, डोकेदुखी नाही. समोरचं अगदी लख्ख दिसायचं, फक्त बाजूचं हळूहळू नाहीसं होत गेलं. साच्यावर कडेचा धागा तुटलेला दिसेना, रस्त्यात माणसं अंगावर आदळायला लागली. "मला वाटायचं, मुंबईत गर्दी वाढलीय," तो म्हणाला आणि एकटाच हसला. "आता नळीतून बघतो. बाई, तुम्हाला दुखलं. नशीबवान तुम्ही. मला दुखलं असतं तर वेळेवर आलो असतो."

डॉक्टर वयस्क होते, मराठीच. त्यांनी आईला आडवं केलं, डोळे मिटायला लावले आणि पापण्यांवरून दोन बोटांनी डोळा हलकेच दाबून पाहिला. नंतर थेंब टाकून, डोळ्यावर एक छोटं यंत्र ठेवून आतला दाब मोजला. मग माझंच बोट धरून आधी माझ्या मिटलेल्या डोळ्यावर ठेवलं, नंतर आईच्या उजव्या. माझा डोळा पिकल्या चिकूसारखा लागला. तिचा सुपारीसारखा. "कळलं?" त्यांनी विचारलं. मला कळलं.

त्यांनी सगळं समजावून सांगितलं. डोळ्याच्या आत पाणी तयार होत असतं आणि एका बारीक वाटेनं वाहून जात असतं. "तुमच्या घरात मोरी आहे ना? ती तुंबली की पाणी घरात चढतं. तसंच." काहींची मोरी हळूहळू तुंबते, काहींची एकदम. आईची एकदम तुंबली. दिव्याभोवती खळं दिसायचं का, असं त्यांनी आपण होऊन विचारलं तेव्हा मला अण्णांचा विनोद आठवला. गॅसचा आणि ह्याचा संबंध नव्हता. गॅस आला नसता तरी आज ना उद्या हेच झालं असतं. उजवा डोळा गेलेला होता, बाहुलीत काचेसारखी हिरवट झाक आली होती. "हा आता माझ्या हातात नाही," ते म्हणाले. "पण डावा आहे. त्याची घडण अशीच आहे. आज बरा दिसतोय, पण तोही एक दिवस असाच तुंबणार. आत एक लहानसं भोक करून दिलं की पाण्याला वाट मिळते. छोटं ऑपरेशन आहे. करून घ्या, वाट बघू नका." आणि तोवर घालायला थेंब दिले.

आई सगळं ऐकत होती. ट्राममध्ये ती खिडकीबाहेर बघत बसली. लालबाग मागे पडल्यावर म्हणाली, "इस्पितळ सरकारचंच ना?"

"मग?"

"मग तो दुसरं काय सांगणार? गॅसनं डोळा गेला असं त्यानं लिहून दिलं तर नोकरी राहील का त्याची?"

मला हसावं की रडावं कळेना. पण वाडीत हे म्हणणं सगळ्यांना पटलं. कसं पटणार नाही? त्या दिवसांत सरकार म्हणेल त्याच्या उलट ते खरं, हा आमचा धर्म होता. ज्या सरकारला मुंबई कुणाची हे कळत नव्हतं त्याला आईचा डोळा काय कळणार? तळमजल्यावरचे आजोबा तर म्हणाले, "पुरावा नष्ट करायला दुसरा डोळाही फोडतील." लोक हसले, पण आई हसली नाही.

मी हट्टाला पेटले. गिरगावातल्याच एका खाजगी डॉक्टरकडे तिला नेलं. हे गृहस्थ स्वतः मोर्चात लाठी खाऊन आलेले, हाताला प्लॅस्टर. त्यांनीही शब्दन् शब्द तेच सांगितलं. घरी येऊन आई म्हणाली, "ह्यांची फी केवढी बघितलीस? ऑपरेशन केल्याशिवाय ह्यांचं कसं भागेल?" डॉक्टर सरकारी काय आणि खाजगी काय, तिचा निकाल आधीच ठरलेला होता. थेंब तिनं थोडे दिवस घातले. ते घातले की बाहुली आखडायची, अंधारून यायचं, भुवई दुखायची. "हे थेंब टाकले की संध्याकाळ लवकर होते," ती म्हणायची. दुखत नसलेल्या डोळ्यात दुखणारे थेंब कुणी का घालावेत? बाटली देवाच्या फळीवर जाऊन बसली.

आणि एक मुद्दा तर ती पुन्हा पुन्हा काढायची. "गॅस उजव्या डोळ्यात गेला. डाव्यानं मला सगळं दिसतं. मग डावा का कापून घेऊ?"

एकदा, आम्ही दोघीच घरात असताना, मी चिडून जे म्हणायचं नव्हतं ते म्हटलं. "आई, डावा डोळा दाखवलास तर लोकांना कळेल की रोग होता. त्याची भीती वाटते ना तुला?"

तिनं सुई शर्टात टोचून ठेवली. मग विचारलं, "रोग होता म्हणजे? माझा डोळा कशासाठी गेला?"

"कशासाठी नाही, आई. रोग होता."

"नुसता?"

मी मान डोलावली.

"गोळीबारात पोरं मेली गं त्या दिवसांत," ती म्हणाली. "आपल्याच गल्ल्यांतली. त्यांच्या आया कशाच्या जोरावर उभ्या आहेत? मला वाटायचं, त्यांचं एवढं गेलं, त्यात माझंही थोडं गेलं. आणि तू म्हणतेस, नुसता?"

मी म्हटलं, "पण नळकांड्यावर गोणपाट टाकलंस ते तर खरं आहे ना! मी स्वतः बघितलंय. ते कुणी तुझ्याकडून काढून घेणार नाहीये."

"त्याबद्दल बोललं का कुणी?" आई म्हणाली. "डोळा गेला तेव्हा बोलले."

तिनं सुई काढली आणि काज पुढे चालू केलं. मी मोरीत जाऊन रडले. ती अडाणी असती, हट्टी असती तर मी भांडले असते. पण ती बरोबर बोलत होती, आणि तिच्या बरोबर बोलण्यानं तिचा डोळा जाणार होता.

अण्णांना मी म्हटलं, तुम्ही नवरा आहात, दटावून सांगा. ते म्हणाले, "जन्मात दटावलं नाही, आता एका डोळ्याच्या बाईला दटावू?" मग एकच माणूस उरला, ज्याचा शब्द ती मोडणार नव्हती. मी मास्तरांकडे गेले. त्यांना डॉक्टरांचं म्हणणं पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. गणिताचे मास्तर, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि त्यांना पटलं. "मी येतो," ते म्हणाले. "तिचा मान कुठे जात नाही, हे मी तिला सांगतो."

रविवारी सकाळी ते आले. मजल्यावरची चार माणसं दारात येऊन उभी राहिली, आमच्याकडे दार लोटून बोलायची पद्धतच नव्हती. मास्तर म्हणाले, "वहिनी, ऑपरेशन करून घ्या. महाराष्ट्र मिळेल तेव्हा तुम्ही तो डोळे भरून बघायला हवा."

आईनं पदर सारखा केला. ती त्यांच्याशी कधी नजर वर करून बोलायची नाही, त्या दिवशी बोलली. "मास्तर, तुम्ही खोटं बोलत नाही. एक सांगा. माझा डोळा गॅसनं गेला ना?"

मी मास्तरांकडे बघत होते. मनात म्हणत होते, सांगा, नाही म्हणून सांगा, एकदा सांगून टाका. त्यांनी माझ्याकडे बघितलं, दारातल्या माणसांकडे बघितलं, मग आईच्या त्या हिरवट झालेल्या डोळ्याकडे. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"हो वहिनी," ते म्हणाले. "गॅसनंच."

"मग झालं तर," आई म्हणाली आणि त्यांच्यासाठी चहा टाकायला उठली.

मास्तर चहा न घेता गेले. जिन्यावर मी त्यांना गाठलं. ते कठड्याला धरून उभे होते. "मला जमलं नाही गं," एवढंच म्हणाले. मी त्यांना वाट्टेल ते बोलले असते, पण त्यांच्या जागी मी असते तर मला तरी जमलं असतं का? तो प्रश्न मी अजून सोडवलेला नाही.

त्यानंतरची वर्षं डाव्या डोळ्यावर गेली. आई एका डोळ्यानं काजं करत राहिली. रेखीवपणा थोडा कमी झाला, शिंपी काही बोलला नाही. प्रत्येक सभेत तिला पुढे बसवायचे. लहान मुलांना तिच्या पाया पडायला आणायचे. मी मात्र रोज संध्याकाळी कचेरीतून आले की आधी तिचा डावा डोळा बघायची आणि विचारायची, "दिवा कसा दिसतोय?" ती चिडायची. "दिव्यासारखा दिसतोय!" काहीच होत नव्हतं. मग मलाही वाटायला लागलं की डॉक्टरांचंच चुकलं असेल. चुकू दे, देवा, चुकू दे त्यांचं.

अखेर महाराष्ट्र मिळाला. मुंबईसह. त्या दिवशी गिरगावात जे झालं ते मला सांगता येणार नाही. गुलाल, ढोल, रडणारी म्हातारी माणसं, पेढे वाटून संपलेले हलवाई. वाडीनं दोन्ही मजल्यांवरून विजेच्या दिव्यांच्या माळा सोडल्या होत्या. साधे पिवळे बल्ब, इलेक्ट्रिकच्या दुकानातून भाड्यानं आणलेले. बटण आईनं दाबायचं हे मास्तरांनी आधीच ठरवलं होतं. ती सकाळपासून उन्हात मिरवणुकीत फिरली होती, हसून हसून तिचे गाल दुखत होते. दिवेलागणीला तिला चौकात उभं केलं. तिनं नमस्कार करून बटण दाबलं आणि सगळी वाडी उजळली. "महाराष्ट्र" म्हणून एकच गजर झाला. अण्णांनी डोळे पुसले, मीही पुसले. मास्तर एका खांबाला टेकून उभे होते.

आई मान वर करून माळांकडे बघत होती. तिनं माझा हात धरला. "किती सुरेख केलंय गं! प्रत्येक दिव्याला रंगीत कागद लावलाय का? लाल, निळा, गोल गोल."

मी वर बघितलं. सगळे बल्ब साधे पिवळे होते.

"आई, कपाळ दुखतंय?"

"जरासं. दिवसभर उन्हात होते ना."

"कुठल्या डोळ्यानं दिसतंय तसं?" माझ्या तोंडून गेलं.

ती खळखळून हसली. "वेडे, आता एकच तर आहे."

मी अण्णांना ओरडून सांगितलं, टॅक्सी बघा, परळला जायचंय, आत्ता. ते धावत वाडीबाहेर गेले आणि तसेच परत आले. रस्त्यावर मुंगी शिरायला जागा नव्हती. ट्रामा जागच्या जागी उभ्या होत्या आणि त्यांच्या टपांवर पोरं नाचत होती. मी म्हटलं, चालत जाऊ. आईचा हात धरून मी गर्दीत घुसले. पण गिरगावात तिला कोण ओळखत नव्हतं? पावलापावलाला कुणीतरी आडवं येत होतं. "वहिनी, थांबा! पाया पडू द्या. तुमच्यामुळे हा दिवस दिसला." कुणी गुलाल लावत होतं, कुणी तोंडात पेढा घालत होतं, कुणी मूल पुढे करत होतं. तिची भुवई आता चांगलीच आखडली होती, एक हात कपाळावर होता, आणि दुसरा माझ्या हातातून सोडवून ती आशीर्वाद देत होती. मी ओरडत होते, "सोडा, जाऊ द्या आम्हाला," पण त्या गजरात माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. मी तिला पुढे ओढत होते आणि ती प्रत्येकासाठी थांबत होती.